आधी ‘औषधी’ हा शब्द काढा: नाशिकमध्ये मशरूम सप्लिमेंट विकण्यापूर्वी करायची कामं

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर भरलेल्या एका कृषी प्रदर्शनात दिंडोरी तालुक्यातल्या महिला बचत गटाचा स्टॉल होता. समोर वाळवलेली धिंगरी आळंबी, आळंबीचे पापड, लोणचं. सगळं नीट, स्वच्छ. कोपऱ्यात पांढऱ्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डबीवर लिहिलं होतं, “औषधी मशरूम कॅप्सूल. मधुमेह, बीपी आणि कॅन्सरवर गुणकारी.” खाली एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांकही होता, २१५ ने सुरू होणारा.

“ताई, या कॅप्सूल तुम्ही बनवता?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “नाही हो मॅडम, व्यापाऱ्याकडून किलोवर येतात, आम्ही घरी डब्या भरतो. पण नंबर घेतलाय ना आम्ही.”

नंबर खरा होता, पण तो पापड-लोणच्यासाठी घेतलेल्या नोंदणीचा होता. कॅप्सूलला तो लागू नव्हता, आणि डबीवरचं वाक्य तर दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडत होतं. या बायकांच्या मनात कुणाला फसवायचं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी अन्नतंत्रज्ञ आहे. लेबलं तपासणं आणि परवान्यांची कागदपत्रं लावणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी स्टॉलमागे खुर्ची टाकून जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रेशी, कॉर्डिसेप्स, लायन्स मेन, टर्की टेल, चागा, शिताके यांना बाजारात सगळे सर्रास ‘औषधी मशरूम’ म्हणतात. पण अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंटच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे ठळकपणे छापणं सक्तीचं आहे. एकाच डबीवर वर ‘औषधी’ आणि खाली ‘औषधी वापरासाठी नाही’ असं राहू शकत नाही. म्हणून पहिलं काम खर्चाचं नाही, खोडरबराचं आहे. उत्पादनाच्या नावातून, बॅनरवरून, व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमधून तो शब्द काढा.

तुमची वस्तू कायद्याच्या नजरेत कोण आहे?

एकच शिताके तीन रूपांत विकता येतो आणि तिन्ही वेळा कायदा वेगळा वागतो. ताजा किंवा नुसता वाळवून पाकिटात भरलेला शिताके ही भाजी आहे. तिला साधे अन्नाचे नियम लागतात. त्याचाच अर्क काढून कॅप्सूल, गोळी, मोजून घ्यायची पूड किंवा थेंब केले की तो हेल्थ सप्लिमेंट किंवा न्यूट्रास्युटिकल, म्हणजे रोजच्या आहाराला पूरक म्हणून मोजून घ्यायचं अन्न, होतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २२ मध्ये या वर्गाचा उल्लेख आहे आणि त्याचे तपशीलवार नियम २०१६ साली निघून १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात, म्हणून काम सुरू कराल त्या दिवशी लागू असलेली आवृत्ती एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. दोन वर्षांपूर्वी कुणी दिलेली पीडीएफ वापरू नका.

तिसरं रूप औषधाचं. ‘याने आजार बरा होतो’ असं म्हणायचं असेल तर अन्नाचा परवाना उपयोगाचा नाही. मग रस्ता औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चा. पुष्कळ जण मला विचारतात, “मग आयुर्वेदिक लायसन्स काढू का?” त्यात अडचण अशी, की आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधातले, म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या सूत्राने बनवलेल्या औषधातले, घटक त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या ग्रंथांमधल्या योगांत (औषधांच्या कृतींत) सापडावे लागतात. लायन्स मेन किंवा टर्की टेल ही चीन-जपानकडच्या परंपरेतून आलेली मंडळी. ग्रंथातला आधार दाखवता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. २०२२ साली आलेल्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांचा पायाही ग्रंथोक्त पाककृतींचाच आहे, त्यामुळे तिथेही हीच अडचण.

आणखी एक वेगळी जात आहे. ‘मॅजिक मशरूम’ म्हणून इंटरनेटवर मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सिलोसायबिन असतं, आणि ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यातल्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. मिश्रण म्हणून आलेल्या परदेशी पुड्या, गमी वगैरे तपासल्याशिवाय दुकानात ठेवू नका.

घटक यादीत आहे का, हे अक्षर न् अक्षर तपासा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

सप्लिमेंटच्या २०१६ च्या नियमांच्या अनुसूचींमध्ये परवानगी असलेल्या घटकांच्या याद्या आहेत. वनस्पतिजन्य घटकांच्या यादीत शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरायचा आणि दिवसाचं प्रमाण हे दिलेलं असतं. तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. व्यापारी ‘कॉर्डिसेप्स’ एवढंच सांगतो. पण हिमालयात मिळणारी कीडाजडी म्हणजे ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, आणि प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये वाढवतात ती केशरी रंगाची कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. ही दोन वेगळी बुरशी आहेत. बाजारात स्वस्त दरात मिळते ती जवळजवळ नेहमीच दुसरी. एकीचं नाव यादीत असेल तर दुसरीला आपोआप परवानगी मिळत नाही. बिलावर, विश्लेषण प्रमाणपत्रावर आणि लेबलवर एकच शास्त्रीय नाव असलं पाहिजे.

भागाचंही तसंच. आपण जिला छत्री म्हणतो ते बुरशीचं फळ. त्याखाली पसरलेलं पांढरं जाळं म्हणजे मायसेलियम. पुष्कळ स्वस्त पूड ही गहू, ज्वारी किंवा तांदळावर वाढवलेल्या मायसेलियमची असते आणि ते धान्यही त्यातच दळलेलं असतं. मग ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ असा आकडा दिसतो खरा, पण स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच आहे. म्हणून पुरवठादाराकडे बीटा-ग्लुकानचा, म्हणजे बुरशीच्या स्वतःच्या पॉलिसॅकराइडचा, वेगळा आकडा मागा. घरी एक ढोबळ चाचणी करता येते. चिमूटभर पूड कोमट पाण्यात ढवळायची, गार होऊ द्यायची आणि त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. पाणी निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च बराच आहे. ही चाचणी कायद्यासाठी चालणार नाही, पण व्यापाऱ्याशी बोलताना तुमचा आवाज मात्र बदलेल.

प्रमाणाचा हिशेब अर्कात चुकतो. समजा दहास एक अर्क आहे, म्हणजे दहा किलो कच्च्या मालातून एक किलो अर्क. कॅप्सूल ३०० मिलिग्रॅमची आणि दिवसाला दोन. अर्क झाला ६०० मिलिग्रॅम, पण कच्च्या मालाच्या भाषेत ते ६ ग्रॅम. मर्यादा कच्च्या मालात दिलेली असेल तर तुलना ६ ग्रॅमशी करायची. हा हिशेब कागदावर मांडून, सही करून फाइलला लावा.

आणि घटक यादीत नसेलच तर? ‘सगळे विकतात, मग मीही विकतो’ हे उत्तर चालत नाही. अशा घटकांसाठी २०१७ चे ‘अनिर्दिष्ट अन्न व अन्नघटक मंजुरी’ नियम आहेत. आधी अर्ज, सोबत सुरक्षिततेचा पुरावा, मग मंजुरी आणि त्यानंतरच उत्पादन. बचत गटाच्या ताकदीबाहेरचं हे काम आहे, असं मला स्पष्टच सांगावंसं वाटतं. यादीतला घटक निवडा, नाहीतर वाळवलेली आळंबी विका. दुसऱ्यातही चांगला धंदा आहे.

परवाना

आपल्याकडे एफएसएसएआयचा नंबर म्हणजे दुचाकीच्या नंबरसारखा, एकदा मिळाला की कुठेही चालतो, अशी समजूत आहे. तसं नाही. नोंदणी, राज्य परवाना आणि केंद्रीय परवाना असे तीन स्तर आहेत, आणि परवाना ज्या उत्पादनवर्गासाठी घेतला त्यालाच लागू पडतो. हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलच्या उत्पादनाला उलाढाल कितीही लहान असली तरी केंद्रीय परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर करायचा असतो आणि महाराष्ट्राची प्रकरणं एफएसएसएआयच्या मुंबईतल्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जातात. नोंदणी आणि राज्य परवान्यासाठी मात्र आपल्या नाशिक विभागाचं अन्न व औषध प्रशासन.

क्रमांकावरूनही थोडं कळतं. १०० ने सुरू होणारा केंद्रीय परवाना, ११५ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा राज्य परवाना, २१५ ने सुरू होणारी महाराष्ट्रातली नोंदणी. कॅप्सूलच्या डबीवर उत्पादकाचा म्हणून २१५ दिसला की थांबा. शिवाय फॉसकॉसवर क्रमांक टाकून परवाना चालू आहे का आणि त्यात हे उत्पादन आहे का, हे कुणालाही फुकट बघता येतं.

स्वतःचं युनिट टाकायचं की दुसऱ्याकडून बनवून घ्यायचं? सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत गाळा घेऊन, आर्द्रता नियंत्रित खोली करून कॅप्सूल भरायचं यंत्र बसवणं शक्य आहे. पण पहिल्या दोन वर्षांत ते करू नका, असं मी सांगते. परवानाधारक उत्पादकाकडून भरून, सीलबंद करून घ्या आणि आपल्या नावाने विका. त्यासाठी तुम्हालाही स्वतःचा, रिलेबलर (दुसऱ्याने बनवलेला माल आपल्या लेबलने विकणारा) वर्गाचा परवाना लागतो. लेबलवर ‘उत्पादक’ आणि ‘विपणन’ अशी दोन्ही नावं, पत्ते आणि क्रमांक येतात. घरच्या स्वयंपाकघरात सुट्या कॅप्सूल डब्यांत भरणं हे मात्र कायद्याच्या भाषेत उत्पादनच आहे, कारण पॅकिंगही त्यात धरलं जातं. दिंडोरीच्या ताईंना हे ऐकून सगळ्यात मोठा धक्का बसला होता.

परवाना मिळाल्यावर दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. उत्पादकाला वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि दर सहा महिन्यांनी मालाचा तपासणी अहवाल पोर्टलवर चढवावा लागतो. आणि प्रत्येक बिलावर परवाना क्रमांक छापायचा. हा नियम जानेवारी २०२२ पासून आहे.

तपासणी

बुरशी ही ज्या मातीत, लाकडात किंवा भुश्श्यात वाढते त्यातले जड धातू ओढून घेते. म्हणून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांची चाचणी प्रत्येक घाण्याला करा. सोबत कीटकनाशकांचे अंश, सूक्ष्मजीव, अफ्लाटॉक्सिन (काही बुरशींतून तयार होणारं विष) आणि ओलावा. अहवाल एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच हवा. पुरवठादाराने पाठवलेला परदेशी कागद पुरत नाही.

ओलाव्याचं नाशिककरांना वेगळं सांगायला नको. बेदाणा करणाऱ्यांना माहीत आहे की जून लागला की कोरडा मालसुद्धा हवा पिऊन चिकट होतो. मशरूमची पूड त्याहून हावरट. इगतपुरी-त्र्यंबककडच्या दुकानांत पाठवायचा माल असेल तर पाकीट ओलावारोधकच घ्या आणि टिकवणकाळ अंदाजाने छापू नका, साठवण चाचणी करून ठरवा.

लेबल

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं सक्तीचं आहे. मराठी मजकूर जोडीला जरूर घाला, मला तर तो हवाच वाटतो. पण निव्वळ मराठी लेबल नियमात बसत नाही. दर्शनी बाजूला ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ हा वर्ग, ‘औषधी वापरासाठी नाही’ हा इशारा, घटकांची नावं आणि प्रमाण, दिवसाला किती घ्यायचं आणि त्याहून जास्त घेऊ नये ही सूचना, लहान मुलांपासून दूर ठेवा, हे समतोल आहाराला पर्याय नाही, पोषणमूल्यं, बॅच क्रमांक, तारखा, निव्वळ वजन, किंमत आणि ग्राहक संपर्क.

कुणी घेऊ नये हेही लिहा, आणि हा भाग मनापासून लिहा. रेशीमुळे रक्त गोठण्याच्या प्रक्रियेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, बुरशीची अ‍ॅलर्जी असणारे यांचाही उल्लेख हवा.

मशरूमला हिरवा ठिपका लागतो, पण कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असेल तर ते प्राणिजन्य. मग तपकिरी त्रिकोण येतो. नाशिकमध्ये शाकाहारी गिऱ्हाईक मोठं आहे, त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य सेल्युलोजची कवचं मागवा. आणि काही घरांत, विशेषतः जैन कुटुंबांत, आळंबी मुळातच वर्ज्य असते. डबीवर ‘मशरूम’ हा शब्द मोठा आणि स्पष्ट ठेवा. ‘नैसर्गिक शक्तिवर्धक’ अशा नावामागे तो लपवू नका.

दावे: खरी मेख इथे आहे

परवाना बरोबर, माल चांगला, लेबल नीट, आणि फेसबुकवरच्या एका वाक्याने सगळं पाण्यात, असं मी पाहिलं आहे. जाहिरात म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली नव्हे. पत्रक, रील, व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड, स्टॉलवरचा फलक, गिऱ्हाइकाच्या अनुभवाचा व्हिडिओ, सगळं त्यात येतं. अन्न कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि चुकीच्या लेबलला कलम ५२ नुसार ३ लाखांपर्यंत. त्याशिवाय १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या आजारांवर उपचाराची जाहिरातच करता येत नाही. त्यात कॅन्सर, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सगळे आहेत. डबीवरचं ते एक वाक्य दोन कायद्यांत सापडत होतं, ते असं.

जाहिरात व दाव्यांचे नियम २०१८ चे, लागू जुलै २०१९ पासून. त्यांचा गाभा व्यवहारात असा उतरतो. ‘यात बीटा-ग्लुकान इतकं आहे’ हे तुम्ही प्रयोगशाळेच्या अहवालावर म्हणू शकता. ‘शरीराच्या अमुक सामान्य कार्याला मदत करते’ असं म्हणायला मानवी अभ्यासांचा पुरावा फाइलमध्ये हवा, आणि तो तुम्ही वापरता त्याच जातीचा, त्याच भागाचा, त्याच मात्रेचा. उंदरांवरचा अभ्यास पुढे करू नका. ‘अमुक आजाराचा धोका कमी होतो’ हा दावा नियमांतच दिलेला नसेल तर आधी मंजुरी लागते. ‘बरा होतो’ हे कधीच नाही. ‘डॉक्टरांनी शिफारस केलेले’ हेही नाही. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ या साध्या वाटणाऱ्या शब्दांनाही अटी आहेत.

“गुणकारी नाही म्हणायचं, तर घेणार कोण?” असा प्रश्न त्या ताईंनी विचारला होता, आणि तो प्रामाणिक होता. मी त्यांना माझ्या शेजारच्या काकूंचं सांगितलं. नातेवाइकाने दिलेल्या मशरूमच्या पुडीवर ‘शुगर मुळापासून’ असं छापलेलं होतं. काकूंनी गोळ्या बंद केल्या, कुणाला न सांगता. तीन आठवड्यांनी त्यांना रात्री रुग्णालयात न्यावं लागलं. पुडी कदाचित निरुपद्रवी असेल, पण त्यावरचं वाक्य तसं नव्हतं.

दुकानदार आणि ऑनलाइन विक्री

मेन रोडचं मेडिकल असो, कॉलेज रोडचं ऑरगॅनिक स्टोअर की गंगापूर रोडची जिम, विकणाऱ्यालाही स्वतःची नोंदणी किंवा परवाना लागतो. औषधविक्रीचा परवाना अन्नाला चालत नाही. पुरवठादाराकडून बिल आणि कलम २६ मध्ये सांगितलेली लेखी हमी घ्या. पुष्कळदा ती बिलावरच फॉर्म ई म्हणून छापलेली असते. कलम २७ प्रमाणे मुदत संपलेला, चुकीच्या लेबलचा किंवा कुणाकडून घेतला हे दाखवता न येणारा माल विकला तर जबाबदारी विक्रेत्यावर येते. सिंहस्थ २०२७ मध्ये पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरात हंगामी स्टॉल लागतील. तिथे बिलाविना आलेला ‘हिमालयीन’ माल हातात घेऊ नका.

ऑनलाइन विकताना लेबलवर नसलेला दावा उत्पादनाच्या पानावर टाकू नका. माल ग्राहकाच्या हाती पडताना किमान ३० टक्के टिकवणकाळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मना सांगितलं आहे.

अधिकारी नमुना घ्यायला आले तर

घाबरू नका आणि वादही घालू नका. अन्न सुरक्षा अधिकारी पैसे देऊन नमुना घेतात आणि त्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही तिथल्या तिथे लेखी करू शकता; खर्च तुमचा. पुष्कळ जणांना हा हक्क माहीतच नसतो. अहवाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका. म्हणूनच त्या बॅचचे काही डबे स्वतःकडे, टिकवणकाळ संपेपर्यंत, सीलबंद ठेवायचे.

निर्यातीचं थोडक्यात. द्राक्षामुळे आपल्याकडे युरोपच्या ओळखी आहेत, म्हणून विचारणा येते. युरोपीय संघात १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात नसलेलं अन्न ‘नवीन अन्न’ मानलं जातं आणि त्याला आधी मंजुरी लागते. तिथेही फळ आणि मायसेलियम यांचा विचार वेगवेगळा होऊ शकतो. खरेदीदाराकडून त्या देशातली स्थिती लेखी मागवा, मगच नमुना पाठवा.

एक काम शेवटचं, आणि ते कागदावरचं नाही. लेबलवर ग्राहकांसाठी फोन नंबर छापलात की पहिले फोन ठरलेले असतात: “माझ्या आईला शुगर आहे, हे सुरू केलं तर गोळी बंद करू का?” तो फोन गटातल्या कुणीही उचलला तरी उत्तर एकच यायला हवं, म्हणून ते लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवा: “नाही ताई, हे औषध नाही. कोणतीही गोळी बंद करू नका. हे घ्यायचं की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि डबी त्यांना दाखवा.”